अर्धा सूर वर

४ जानेवारी

टाचणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच केरात टाकणार होतीस, मला ठाऊक आहे. फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. माझा नंबर तू फोनमध्ये अडवून ठेवला आहेस. आईकडून निरोप पाठवला तर ‘बघू’ म्हणालीस आणि विषय बदललास. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी शाळकरी पोरासारखा पत्र लिहायला बसलोय. हसू नकोस.

बातमी अशी की रडकं मंडळ परत एकत्र आलंय! त्या चार इंग्रजांच्या बँडचं खरं नाव केवढं ऐटबाज होतं, पण मामा दारात उभा राहून म्हणाला, ‘काय ते रडकं मंडळ लावलंय सकाळपासून,’ आणि आपल्यापुरतं तेच नाव कायम झालं. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले चौघे आता टकलं घेऊन एका फोटोत उभे आहेत. त्यांच्या दुसऱ्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली, आवाज धुऊनपुसून नवी आवृत्ती निघाली. आमच्या रेडिओने ठरवलंय की बारा मार्चला संध्याकाळी ग्रंथालयाशेजारच्या नाट्यगृहात तो अख्खा अल्बम वाजवायचा. सगळं थेट रेडिओवर. निवेदन अर्थात माझंच, आणि गिटारही. ड्रमवर आपला ढोल्या. तो आता दातांचा डॉक्टर आहे, दिवसभर लोकांचे जबडे उघडत असतो, पण हात अजून तसाच चालतो.

आता मुद्द्यावर येतो. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. पहिल्या आठ ओळी नुसता आवाज, एकही वाद्य नाही, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. ते तू गायचंस. दुसऱ्या कुणाचा आवाज मला तिथे ऐकूच येत नाही.

जुनं सोडून दे गं. पोरं होतो आपण. मी दर वर्षी रेडिओवर तो किस्सा सांगतो, ‘आमची एक बहीण स्पर्धेत अशी वर चढली की अजून खाली उतरलेली नाही’, लोक अजून फोन करून हसतात. प्रेमानेच हसतात. आणि तुझं नाव मी एकदाही घेतलेलं नाही.

तुझा आतेभाऊ,
भोंग्या


११ जानेवारी

भोंग्या,

पत्र फोडलं, कारण मला वाटलं कोणीतरी गेलं. तू धडधाकट आहेस हे वाचून थोडी निराशा झाली.

नाव घेतलं नाहीस म्हणे! केवढे उपकार. तुला मामेबहीण एकच आहे हे अख्ख्या शहराला माहीत आहे. माझ्याकडे कान तपासायला येणारे म्हातारे खुर्चीत बसता बसता विचारतात, ‘त्या वर चढलेल्या तुम्हीच ना?’ मी त्यांच्या कानात नळी घालते आणि गप्प बसते. पंचवीस वर्षं गप्प बसले आहे. आता तूच पत्र लिहून खाज काढलीस, तर घे.

तुझ्या किश्शात तू काय काय गाळतोस ते सांगते. स्पर्धेच्या आधी तीन आठवडे आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी दवाखान्यात तिच्या उशाशी होते. सरावाला येणं शक्य नव्हतं. तू म्हणालास, काळजी करू नकोस, गाणं भरून पाठवतो, पाठ करून ये. पोस्टाने कॅसेट आली, तुझ्या अक्षरात गाण्याचं नाव लिहिलेली. तीन आठवडे मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात, वाळूच्या बादलीशेजारी बसून ते गाणं घोटलं. नर्स विचारायची, ‘बाई, रडताय का?’ मी सांगायची, नाही हो, गातेय.

स्पर्धेच्या दिवशी दवाखान्यातून थेट मंचावर आले. आठ ओळी गायले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यात मी तेवढं चांगलं परत कधी गायले नाही, आणि तेव्हाच मला ते कळत होतं. मग तुमची वाद्यं आली, आणि आली ती अर्धा सूर खाली. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं झालं. तिसऱ्या रांगेतला एक माणूस मोठ्याने हसला, आणि त्याच्यामागून सगळे. मी निघून गेले. दहा मिनिटांनी तेच गाणं तू गायलास, परीक्षकांत रेडिओचे साहेब होते, आणि पुढच्या महिन्यात तू रेडिओवर चिकटलास. मी त्यानंतर न्हाणीघरातसुद्धा गायलेले नाही.

सहा वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते. मग त्याच अल्बमची सीडी घेतली, लावली, आणि वाटलं यंत्र बिघडलंय. दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, ‘ताई, यंत्र ठणठणीत आहे.’ मग तुझी कॅसेट कामावर नेली आणि सूर मोजायच्या यंत्राला लावली. अर्धा सूर वर. केसभर इकडेतिकडे नाही.

आतोबांच्या त्या दोन खणांच्या डेकवर भरली होतीस ना? ‘याचा वाजवायचा खण पळतो, याच्यावर काही भरू नका’ असं तूच आम्हाला बजावायचास. स्वतःची एकही कॅसेट तू त्याच्यावर भरली नाहीस. माझी भरलीस.

मला गायला बोलवायचं असेल तर एकच अट. ज्या रेडिओवर पंचवीस वर्षं माझं हसं केलंस, त्याच रेडिओवर, त्याच गोड आवाजात सांग, की कॅसेट धावती होती आणि ती धावते हे तुला माहीत होतं. त्याच्याशिवाय तोंड दाखवू नकोस.

टाचणी


२० जानेवारी

टाचणे,

बापरे. तू अजून ते धरून बसलीस?

डेक पळत असेलही. आपल्या घरात काय नीट चालत होतं? मला आठवत नाही गं, शपथ. आणि रेडिओवर असलं काही सांगणं म्हणजे... लोक सकाळी माझा आवाज ऐकून चहा पितात. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. त्यांना एका कॅसेटचं काय सोयरसुतक?

ते जाऊ दे. नवी आवृत्ती ऐकलीस का? मी रोज ऐकतोय आणि खरं सांगू, अर्धी ऐकवत नाही. विसाव्या वर्षी त्या गायकाचं दुःख आपलं वाटायचं. आता वाटतं, अरे बाबा, ऊठ, तोंड धू, कामाला लाग. किती ते स्वतःला कुरवाळणं! आणि माणूस मुलाखतीत कशाबद्दल बोलतो तर बागेतल्या कोबीबद्दल. आपण याच्यासाठी भिंतीवर कागद चिकटवत होतो? पण मग दुसरी बाजू सुरू होते, त्या आठ ओळी येतात, आणि गाडी बाजूला घेऊन थांबावं लागतं. काय करावं या लोकांचं?

एक विचारायचं होतं. माझा एक मित्र आहे, त्याला हल्ली डाव्या कानात प्रत्येक सूर जरा खाली ऐकू येतो. उजव्यात बरोबर, डाव्यात खाली. एकाच वेळी दोन्ही. गाणं लावलं की दोन माणसं भांडताहेत असं वाटतं म्हणतो बिचारा. यावर तुमच्याकडे काही इलाज आहे का? सहज विचारतोय.

भोंग्या


२७ जानेवारी

भोंग्या,

मित्र म्हणे! त्या मित्राचं पोट सुटलंय का? तो सकाळी सात वाजता रेडिओवर बोलतो का?

तुझं पत्र मी कामावर वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या खोलीत कान तपासून घेणारा पेशंट सूर ऐकू आल्यावर दाबायचं बटण दाबायला विसरला. एका कानात खरा सूर, दुसऱ्या कानात खालचा, आणि दोन्ही एकदम! भोंग्या, मी देवाला फारसं मानत नाही, पण हे काम कुणीतरी बसून, जीव लावून केलंय.

इलाज विचारतोस. पूर्ण बरं होत नाही. तपासून मशीन बसवलं तर डावा कान पुष्कळ सावरतो. शहरात हे नीट जमणारं माणूस एकच आहे आणि ती मी. ये. पंधरा फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता. आणि येताना कान साफ करून ये, तुमच्या घराण्यात मळ फार.

नवी आवृत्ती मीही ऐकली. सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला ती आवडली नाही. ताप आलेल्या माणसासारखं सगळं जड, पाय ओढत चाललेलं. गायक तोच, शब्द तेच, पण जिन्यात मी ज्याच्यावर जीव टाकला ते हे गाणं नव्हतंच. माझं गाणं लखलखीत होतं, घाईत होतं, त्याला कुठेतरी पोचायचं होतं. आणि ते त्या चौघांनी केलेलंच नाही! ते आतोबांच्या बिघडलेल्या डेकने केलं. जगात ते एकाच कॅसेटवर आहे आणि ती तू मला घात करायला दिली होतीस. म्हणजे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुझ्या लबाडीतून आली. याचा मला किती संताप येतो ते लिहायला कागद पुरणार नाही.

आणि हो. बारा मार्चला मी गाते. अट वगैरे काही नाही. सरावाला मात्र येणार नाही. तेव्हाही सरावाशिवायच उभी राहिले होते ना?

टाचणी


१९ फेब्रुवारी

टाचणे,

चार दिवस झाले, मशीन कानात आहे. काय सांगू तुला! फ्रीजची घरघर ऐकू येते. बायको स्वयंपाकघरात पुटपुटते तेही ऐकू येतं, त्याची मात्र गरज नव्हती. आणि गाण्यातलं भांडण थांबलंय. डावा अजून थोडा रेंगाळतो, पण उजव्याच्या मागे मागे चालतो.

तुझ्या त्या गादी लावलेल्या खोलीत काचेपलीकडे तू बसली होतीस, तेव्हा मला घाम फुटला होता. तू सूर तपासायचा तो पोलादी काटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलास आणि सूर सरळ डोक्यात वाजायला लागला. बाहेर कुणाला काही ऐकू जात नाही आणि आत सगळं घणघणतंय. तेव्हा वाटलं, आता ही माझा कान पिरगाळणार. तू फक्त म्हणालीस, ‘हलू नकोस.’ चहाही पाजलास. टाचणे, तू इतकी गोड वागलीस की मी घाबरलो. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मशीन दुसऱ्या दुकानात नेलं. वाटलं, हिने काहीतरी उलटं लावून ठेवलं असणार. त्या माणसाने तपासलं आणि म्हणाला, ‘साहेब, इतकं बिनचूक लावलेलं मशीन मी वर्षात बघितलं नाही. कोणी लावलं?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून आता लिहितो. मला माहीत होतं.

ढोल्या तेव्हा म्हणाला होता की अंतिम फेरीत फक्त तिचा आवाज आणि तुझी गिटार, बाकी सगळे गप्प. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण रडक्या मंडळाची पहिली कॅसेट मी आणली होती. बँड मी जमवला होता. तुला ती गाणी मी ऐकवली. आणि लोक यायचे ते तुला ऐकायला. मला वाटलं, जराशी घसरेल, मग ढोल्याच म्हणेल, पुढच्या वेळी तू गा. एवढंच. आधी भरलेली चांगली कॅसेट माझ्या खणात होती. ती ठेवली आणि मुद्दाम त्या डेकवर दुसरी भरली. लोक असे हसतील असं खरंच वाटलं नव्हतं. आणि ते हसले तेव्हा मी आतून सुखावलो, हेही खरं आहे.

हे तुला लिहितोय. रेडिओवर मात्र बोलायला सांगू नकोस. माझं सगळं त्या एका दिवसावर उभं आहे. ते काढून घेतलं तर माझ्याकडे नुसता आवाज उरतो.

ढोल्या सांगत होता, कार्यक्रम थेट जाणार की नंतर, असं तू त्याला दोनदा विचारलंस. का गं?

भोंग्या


२६ फेब्रुवारी

भोंग्या,

का ते सांगते. तुझ्यासारखं पाठीमागून करायची मला सवय नाही.

बारा मार्चला मी त्या आठ ओळी तुझ्या कॅसेटच्या सुरात गाणार आहे. अर्धा सूर वर. तू बरोबर सुरात वाजवायला लागशील, आणि जे माझं झालं ते आपलं सगळ्यांचं होईल, थेट, अख्ख्या शहरासमोर. माझं आता काय जायचंय? मी तर वर चढलेलीच आहे. या वेळी तुम्ही पडाल. साहेब लोक पुढच्या रांगेत असतील ना?

मशीन बिनचूक का लावलं तेही सांगते, नाहीतर रात्रंदिवस विचार करत बसशील. तुझ्यावर माया आली म्हणून नाही. उलटं लावणं दोन मिनिटांचं काम होतं, हात शिवशिवलेसुद्धा. पण मग तुला धड ऐकू आलं नसतं. मला तुला सगळं स्वच्छ ऐकवायचं आहे. एकेक हसणारा वेगळा ऐकू यायला हवा. त्यासाठी तीन तास खपले मी.

तुझं पत्र कपाटात ठेवलंय. आवडलं. ‘आतून सुखावलो’ हे वाक्य विशेष. पण ते कागदावर आहे आणि माझं हसं झालं ते रेडिओवर.

अजून दोन आठवडे आहेत. रोज सकाळी सात वाजता मी रेडिओ लावते. बोललास तर मी बरोबर सुरात गाईन आणि तुझ्या पाया पडेन. नाही बोललास तर बाराला भेटू.

टाचणी


१३ मार्च

टाचणे,

काल तू कुणाशी न बोलता निघून गेलीस. ढोल्या तुझ्यामागे वाहनतळापर्यंत धावला. म्हणून परत पत्र.

मी दोन आठवडे रोज माइकसमोर बसलो, तोंड उघडलं आणि हवामान सांगितलं. हिंमत झाली नाही. मग एक शक्कल सुचली. तू वरच्या सुरात गाणार हे तूच लिहून कळवलं होतंस. मग आपणच वर गेलो तर? गिटारच्या मानेवर चिमटा लावला की सगळ्या तारा अर्ध्या सुराने वर जातात. बाकीच्यांनाही सांगितलं, आज हे एक गाणं अर्धा सूर वर वाजवायचं. ढोल्याने विचारलं, का रे? मी म्हटलं, बहिणीला तेवढाच सोयीचा आहे. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं! तू तुझ्या सुरात गाशील, आम्ही बरोबर खाली येऊन उभे राहू, लोक टाळ्या वाजवतील, तुझं जुनं शल्य जाईल आणि मला काही बोलावंही लागणार नाही. सगळ्यांचं भलं.

तू आलीस. पांढरे केस कानामागे सारलेस, क्षणभर डोळे मिटलेस आणि सुरू केलंस. टाचणे, तू काय गायलीस गं! पंचवीस वर्षं न गायलेल्या माणसाने असं गाऊ नये. मी त्या आवाजात इतका बुडालो की सातव्या ओळीला माझ्या लक्षात आलं. तू बरोबर सुरात गात होतीस. अल्बमच्या सुरात. मला वाचवायला! तुझ्या मनात दया आली, आणि इकडे माझ्या मानगुटीवर तो चिमटा. काढायला वेळ नव्हता. आम्ही सगळे अर्धा सूर वर तुटून पडलो.

मग ते हसणं. मशीन बसवलेल्या कानातून मला ते कसं ऐकू आलं, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. डावीकडच्या बाईचं खुसखुसणं वेगळं, साहेबांचं नाकातून हसणं वेगळं. आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘बहीण परत चढली वाटतं!’ पंचवीस वर्षं ते वाक्य मीच त्यांना शिकवलंय. माझ्या तोंडावर एक विनोद तयार होता, अगदी ओठांवर. नेहमीसारखा मारला असता तर सगळं निभावलं असतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू जागची हलली नव्हतीस. तेव्हा पळून गेली होतीस, काल उभी राहिलीस.

मी सगळ्यांना थांबवलं आणि बोललो. काय बोललो ते तू ऐकलंसच. ती बरोबर आहे, चुकलोय आम्ही. तेव्हाही तिची चूक नव्हती. कॅसेट मी भरली होती, डेक धावतो हे मला माहीत होतं, आणि मी मुद्दाम केलं. पुढे आवाज फुटला. रेडिओवर माझा आवाज पहिल्यांदाच फुटला.

साहेबांनी आज सकाळचा कार्यक्रम दुसऱ्याला दिला. पुढचं कळवतो म्हणालेत. ते राहू दे. मला एवढंच सांग, तू मला माफ का केलंस? मी तुझ्यासाठी काय केलं होतं म्हणून?

तुझा,
भोंग्या


१७ मार्च

भोंग्या,

माफ? कुणी केलं?

साडेसहाला, मध्यंतरात, मी विंगेत उभी होते. तू तिकडे पाठ करून साहेबांशी हसत होतास आणि तुझी गिटार खुर्चीवर टेकलेली होती. तिच्या मानेवर चिमटा होता, पहिल्याच घरात. ढोल्याला विचारलं, हे काय? तो बिचारा भोळा. म्हणाला, ‘तुझ्या सोयीसाठी अर्धा सूर वर घेतलंय.’

भोंग्या, तो चिमटा बघून मला जेवढा राग आला तेवढा कॅसेटचा सुद्धा आला नव्हता. पंचवीस वर्षांनी तुझ्या डोक्यातून निघालं ते परत तेच. एक शब्द न बोलता सुटायची युक्ती. आणि वर माझ्यावर उपकार!

मग मी ठरवलं. केस कानामागे सारले म्हणतोस ना? हातात काटा होता. विंगेतून निघतानाच गुडघ्यावर आपटला होता, तो कानामागच्या हाडावर टेकवला. बाहेर कुणाला ऐकू जात नाही, तूच लिहिलं होतंस. त्याच्यावरून खरा सूर धरला. दोन महिने ती पाय ओढणारी नवी आवृत्ती नाक मुठीत धरून ऐकत होते, तिचा उपयोग झाला. दया नव्हती, नेम होता. आणि बरोबर लागला.

तुझं बोलणं ऐकलं. रेडिओच्या साइटवर आहे ते. आतापर्यंत अकरा वेळा लावलंय. काल एक म्हातारे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘ताई, तुमची चूक नव्हती म्हणे.’ मी म्हटलं, नव्हती. नळी घातली आणि कामाला लागले. मला वाटलं होतं याहून जास्त आनंद होईल.

तो का झाला नाही, हे चार दिवस शोधत होते. काल सापडलं. जुनी कॅसेट लावली होती, ती माझी धावती, लखलखीत. आठ ओळी संपल्या, वाद्यं आली, आणि माझ्या लक्षात आलं. जिन्यात बसून मी तीन आठवडे ज्याची वाट बघत होते, ते बाराला त्या मंचावर होतं. माझ्या सुराला सगळी वाद्यं लावून ठेवलेली, तुझी गिटार, ढोल्याचे हात, सगळं. मी अर्धा सूर वर गायले असते तर ते माझ्या पायाखाली येऊन उभं राहिलं असतं. आयुष्यात एकदाच. आणि ते मी तुला पाडायला वापरलं. परत संधी आली असती तर परत वापरलं असतं, हेही तुला सांगून ठेवते. पण काल मी कॅसेट बंद करून स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होते.

म्हणून एक काम कर. गिटारचा चिमटा काढू नकोस. रविवारी सकाळी दवाखाना बंद असतो, तेव्हा गिटार घेऊन माझ्याकडे ये, त्या गादी लावलेल्या खोलीत. ढोल्याला आणू नकोस, कुणालाच नको. मी अर्धा सूर वर गाईन, तू माझ्या सुराखाली येऊन उभा राहा. माफीबिफीचं एक अक्षर काढलंस तर हाकलून देईन.

मशीन घालून ये. आणि कान साफ करून.

टाचणी